भिंतीतला गवंडी

चौगले सर यीस्टला ‘पावणं’ म्हणतात. शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास ते आमच्या प्रयोगशाळेत शिरतात, दारात चपला काढतात (इथे चपला काढायच्या नसतात, उलट पाय झाकायचे असतात, हे मी त्यांना सांगून सांगून थकले), थेट यीस्ट वाढवायच्या शेकरपाशी जातात, आत गरगरणाऱ्या फ्लास्कवर वाकतात आणि विचारतात, “काय पावणं, झोप झाली का? आज तरी दार उघडा की.”

पावणं दार उघडत नाहीत. इतक्या वर्षांत उघडलेलं नाही. चौगले सरांवर लिहायचं म्हणजे हसू येणारच, मलाही येतं. पण शेवटी सगळं गोड होईल अशा आशेने कुणी वाचायला बसलं असेल तर आत्ताच सांगते, तसं काही होत नाही.

सरांचं पूर्ण नाव रंगराव चौगले. गाव गारगोटीपासून पाचसहा किलोमीटरवर, नोकरी गारगोटीत, ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवायची. वय आता त्रेपन्न. पंचेचाळिशी आली की माणसं गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जातात. सरांनी त्या वयात मुलीचं लग्न उरकलं आणि स्वतःच डॉक्टर व्हायचं म्हणून कोल्हापुरात येऊन पीएचडीला नाव घातलं. मी नसीम मुल्ला, आजऱ्याची. त्यांच्याच गाईड मॅडमकडे त्यांच्यामागून वर्षभराने आले, त्यांच्या आधी पदवी घेऊन मोकळी झाले, आणि आता त्याच विभागात शिकवते. सर मात्र अजून शनिवार-रविवार एसटीने येतात, एका हातात जेवणाचा डबा आणि दुसऱ्या हातात बर्फाचा थर्मास. विभागात बर्फाचं मशीन आहे. पण मशीनच्या बर्फावर सरांचा विश्वास नाही. “त्यो लगीच पाणी हुतोय,” म्हणतात. गारगोटीचा बर्फ जणू होतच नाही.

त्यांचं यीस्टही त्यांच्यासारखंच गावाकडचं. एका साखर कारखान्यातल्या मळीच्या टाकीच्या तळाशी बसलेला चिखल त्यांनी लोणच्याच्या बरणीतून आणला होता, त्यातून ते निघालं. उष्णतेत, आंबलेल्या मळीत पिढ्यान्‌पिढ्या तग धरून राहिलेलं. त्याच्या पेशीची भिंत इतकी जाड की आपलं पावात घालायचं यीस्ट त्याच्यापुढे पापड.

सरांना त्या भिंतीतलं एक एन्झाइम काढायचं होतं. पेशीला कळी फुटायची तर भिंत थोडी सैल करावी लागते आणि नंतर पुन्हा बांधून घ्यावी लागते. ते काम हे एन्झाइम करतं. सर त्याला गवंडी म्हणतात. “भिंत हाय म्हंजे गवंडी हाय. गवंड्याबिगर भिंत उभी ऱ्हाती व्हय कुठं?” हे वाक्य त्यांनी गाईड मॅडमना ऐकवलं, शिपायाला ऐकवलं, कँटीनमध्ये पोह्यांची ताटली हातात घेऊन रांगेतल्या अनोळखी मुलांना ऐकवलं. एकदा विभाग बघायला परदेशी पाहुणे आले होते, त्यांनाही मराठीतच ऐकवलं. त्यांनी फार आदराने मान हलवली.

आता पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पेशी आधी धुवायच्या. मग नळीत काचेचे बारीक मणी आणि पेशी एकत्र घालून जोरजोरात हलवायचं, म्हणजे मण्यांच्या माऱ्याने भिंती फुटतात. अर्धं मिनिट हलवायचं, अर्धं मिनिट बर्फात ठेवायचं, नाहीतर उष्णतेने एन्झाइम मरतं. मग भिंतींचे तुकडे वेगळे करायचे, त्यांतून एन्झाइम सोडवायचं, आणि शेवटी त्यात एक बिनरंगी द्रव घालायचा. एन्झाइम असेल तर नळी पिवळी होते. नसेल तर पाण्यासारखी पांढरी ती पांढरीच.

मण्यांची नळी हलवायला आमच्याकडे यंत्र होतं, ते बंद पडलं. नवीन यायला वेळ होता. सर म्हणाले, “यंत्र कशाला? दंड हाईत की.” आणि ते हाताने हलवायला लागले. डोळे मिटून, दात आवळून, तोंडाने मोजत. वीस वेळा हलवून झालं की शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. पुढे यंत्र आलं तरी ते हातानेच हलवत राहिले, कारण यंत्राला म्हणे माया नसते. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. शंभरातल्या पाच पेशी फुटलेल्या, बाकीच्या टमटमीत. “हसाय लागल्याती बघ,” सर म्हणायचे.

एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी घरचा मिक्सर आणला. मणी, बर्फ आणि यीस्ट त्यात घालून फिरवलं. काचेच्या मण्यांनी भांड्याचं पातं बोथट झालं, रबर कातरलं, आणि पांढरा फेस छताला जाऊन चिकटला. तो डाग अजून आहे. घरी काय सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाले, “सांगितलं की, शास्त्रासाठी गेला म्हणून. तीन दिवस चटणी पाट्यावरची खाल्ली. चांगली लागती.”

पण सरांची खरी ओळख म्हणजे वास. पेशी फोडण्याआधी त्या धुवायच्या, ते सर साध्या पाण्याने धूत नसत. भिंत जरा नरम पडावी म्हणून ते त्या पाण्यात मर्कॅप्टो नावाचं रसायन घालत. नासकं अंडं आणि तुंबलेलं गटार यांचं लग्न लावलं तर जे होईल तसा त्याचा वास. तो कपड्यांना लागतो, केसांना लागतो, डब्याच्या पिशवीला लागतो. रविवारी संध्याकाळच्या गारगोटी गाडीत सरांना बसायला अख्खं बाक मिळायचं. एकदा कंडक्टरने गाडी थांबवून सीटखाली मेलेला उंदीर शोधला. सरांनीही खाली वाकून त्याच्याबरोबर शोधला.

या धुण्याला ते ‘पाय धुवायला पाणी’ म्हणत. मी पहिल्या दिवशी आले तेव्हा मॅडमनी मला त्यांच्याकडे शिकायला धाडलं. सरांनी फ्लास्क माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “हे बघ नसीम, तुमच्यात काय, आमच्यात काय, पावणं दारात आलं की पहिलं काय देतो आपुन? पाय धुवायला पाणी. च्या नंतर. तसंच हितं. पहिलं पाय धू, मग आत घे. आन् पाय धुतलेलं पाणी कुणी घरात ठेवतंय का? वत बेसिनात.” मला ते इतकं पटलं की पुढची चार वर्षं मी तसंच केलं. मर्कॅप्टोच्या पाण्याने धुवायचं, वर आलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं, नळ सोडायचा, पुढे जायचं.

माझ्या प्रबंधाचा विषय सोपा होता. या यीस्टच्या भिंतीत काय काय आहे आणि काय नाही. चार एन्झाइमं मला सापडली. सरांचा गवंडी नाही सापडला. इतर यीस्टमध्ये असतो, यात नाही, हाच माझा मोठा निष्कर्ष ठरला. त्यावर पेपर छापून आला, त्यावर पदवी मिळाली, आणि मुलाखतीला मला अर्धा तास त्याच पेपरवर प्रश्न विचारून नोकरीही दिली.

पेढे घेऊन मी सरांकडे गेले तेव्हा खरंतर मला संकोच वाटत होता. ज्याला ते शोधत होते तो नाहीच असं मी छापून आणलं होतं. सरांनी पेढा तोंडात टाकला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “झाक केलंस. पण गवंडी हाय हं.” आणि पुन्हा नळी हलवायला लागले.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती सगळी एकच आहेत. सर येतात, पाय धुतात, हलवतात, नळी पांढरी. सर येतात, पाय धुतात, हलवतात, नळी पांढरी. त्यांचा उजवा खांदा धरला, तर डाव्या हाताने सुरू. मॅडम आधी समजवायच्या, मग चिडायच्या, मग त्यांनी विचारायचंच सोडलं. नवीन मुलं त्यांच्या मागे नाक दाबून नकला करायची. मीही हसायचे. खोटं कशाला बोलू? मास्तर म्हातारपणी हट्टाला पेटलाय, असं मीही दोघातिघांना सांगितलं होतं.

या पावसाळ्यात एका शनिवारी सरांच्या भाच्याचं लग्न निघालं. त्यांनी फोन केला, “नसीम, पावणं तयार झाल्याती. तेवढं धुऊन फोडून ठेव की. उद्या येतो.” मी कुरकुरत केलं. पेशी धुतल्या. तेवढ्यात एका विद्यार्थिनीच्या फॉर्मवर माझी सही राहिली म्हणून मला बाहेर बोलावलं, आणि ते धुतलेलं पाणी ओतायचं राहून नळीतच बर्फात राहिलं. परत येऊन पुढचं उरकलं, तपासणीचा द्रव घातला, आणि बघते तर रॅकमधली एक नळी पिवळी.

नळीवर काही लिहिलेलं नव्हतं. दोन मिनिटं लागली कळायला. मी पाय धुतलेलं पाणी तपासलं होतं, चुकून.

पुन्हा केलं. पिवळं. तिसऱ्यांदा नुसतं मर्कॅप्टोचं पाणी घेतलं, पेशींशिवाय. ते पांढरंच राहिलं. म्हणजे रसायनाचा दोष नव्हता. सरांचा गवंडी भिंतीत सैलसा बसलेला होता, मर्कॅप्टो लागलं की आपणहून उतरून पाण्यात येत होता, आणि आम्ही दोघं त्याला वर्षानुवर्षं बेसिनमध्ये ओतत होतो. भिंत फोडायची मुळी गरजच नव्हती. ज्या हातांनी सरांनी खांदा मोडून घेतला त्या हातांना पहिल्याच पायरीला थांबायचं होतं, एवढंच.

मला आधी आनंद झाला. माझा पेपर खोटा ठरला हे अर्ध्या तासाने लक्षात आलं. तरीही ठरवलं की उद्या सर आले की आधी त्यांना सांगायचं.

रविवारी सर आले, चपला काढल्या. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि पिवळी नळी त्यांच्यासमोर धरली. “सर, पाय धुतलेल्या पाण्यात आहे. सगळा तिथेच आहे.”

सरांनी नळी हातात घेतली नाही. डब्याची पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाले, “व्हय. ठावं हाय मला.”

“कधीपासून?”

त्यांनी डब्याच्या पिशवीतून एक वही काढली. वहीत दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याची तारीख, त्यांचं ते गोल गोल अक्षर, आणि खाली चार वेळा करून बघितलेला तोच प्रयोग. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘गवंडी सापडला. पाण्यात हाय.’ पुढे काहीच नाही. पुढच्या पानापासून पुन्हा हलवणं सुरू.

“सर, तुम्ही सांगितलं का नाही?”

“त्या उन्हाळ्यात तुझ्या नोकरीची मान्यता अडकलेली न्हवं का,” सर म्हणाले. “त्यो पेपर बघूनच घेतलं हुतं तुला. मी म्हणायचं, पोरीचं चुकलंय म्हणून? आन् चुकलं कुणाचं? वत बेसिनात म्हणून मीच शिकवलेलं की.”

“पण मान्यता आली ना त्याच वर्षी!”

“आली की. पण छापल्यालं काय जातंय व्हय कुठं? तवा म्हटलं, एवढं धुऊन बी एखादा गवंडी आत उरला असंल. दुसरा, येगळ्या जातीचा, तुझ्या पेपरात ज्याचं नावच न्हाय असा. त्यो गावला तर तुझं बी खरं ऱ्हाईल, माझं बी हुईल. म्हणून फोडत हुतो.” त्यांनी शेकरकडे बघितलं. “न्हाय उरला.”

दोन वर्षं. दोन वर्षं हा माणूस दर शनिवारी, हातात सापडलेली वस्तू स्वतःच्या हाताने बेसिनमध्ये ओतत होता आणि नसलेली शोधत होता, का, तर माझं छापलेलं खोटं पडू नये. आणि मी त्यांच्या मागे हसत होते. मला त्यांचा राग आला. असा आला की रडूच आलं.

“आजच प्रबंध लिहायला घ्या,” मी म्हणाले. “मी मॅडमना सांगते, मी पेपर मागे घेते.”

“मुदत संपली माझी,” सर म्हणाले. “डिसेंबरातच. वाढवून मागायचं तर काय गावलं ते लिवून द्यावं लागतंय. काय लिवू? दिलं न्हाय. नाव कमी झाल्याचं पत्र आलंय.” आणि लगेच, जणू मीच त्यांना चोरी करताना पकडलं होतं, “तुला चालत नसंल तर येत न्हाय. पण घरात अजून सांगितलं न्हाय, म्हणून येतो.”

म्हणजे गेले सात महिने ते आमच्याकडे कुणीही नव्हते. ना विद्यार्थी, ना संशोधक. नुसते यायचे, पाय धुवायचे, हलवायचे आणि संध्याकाळची गाडी पकडायचे.

मी आठवडाभर एक पत्र लिहीत होते. ज्या नियतकालिकाने पेपर छापला त्याच्या संपादकांना. माझा निष्कर्ष चुकीचा आहे, एन्झाइम आहे, आणि ते रंगराव चौगले यांनी माझ्या दोन वर्षं आधी शोधलं आहे. पुढच्या रविवारी सर आले नाहीत. म्हणून ते पत्र घेऊन मीच गारगोटीची गाडी पकडली आणि त्यांच्या घरी गेले.

सर ओसरीवर बसले होते. त्यांनी पत्र वाचलं. दोनदा वाचलं. ‘रंगराव चौगले’ या शब्दांवरून बोट फिरवलं. मग घडी घालून माझ्या हातात परत दिलं. “ठेव. मला आता नाव कमी झाल्यावर त्याचा काय उपेग? तुझं मातर नुकसान हुईल.” मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकी, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या.

“मॅडम, तुमीच आता खरं सांगा,” काकी मला म्हणाल्या. “ह्यांचं यंदा हुतंय न्हवं? इतकी वर्सं शनवार-रविवार म्हशीचं, वैरणीचं समदं मीच बघतो. मिक्सर गेला, बोललो न्हाय. गाडीत लोक उठून जात्यात म्हणं, ते बी ऐकलं. एकदा हुंदे म्हणून गप ऱ्हातो. पण आता कंबर धरती वो माझी.”

सर चहाच्या कपात बघत म्हणाले, “हुतंय की गं यंदा.” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. पेशी धुणं-फोडणं सोडलं तर त्या माणसाने माझ्याकडे आजवर मागितलेली ती एकच गोष्ट.

“होय काकी,” मी म्हणाले, “यंदा नक्की होईल.”

काकींनी माझ्या पिशवीत तांदळाच्या पापड्या भरल्या. ते पत्र अजून मी पाठवलेलं नाही. रोज उद्या पाठवायचं ठरवते. सर नको म्हणाले म्हणून थांबले, असं मी स्वतःला सांगते, पण ते खरं नाही. मी भित्री आहे.

त्या संध्याकाळी सर मला गारगोटीच्या स्टँडवर सोडायला आले. मी गाडीत खिडकीशी बसले, ते खाली उभे. ड्रायव्हर चढला तसे ते पुढे झाले आणि खिडकीच्या गजाला धरून, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना बघून, हळूच म्हणाले, “नसीम, त्या दिवशी तुझं किती पिवळं आलतं गं?”

मला आधी कळलंच नाही ते काय विचारतायत.

“म्हंजे मला दावलंस ती नळी रातभर ठेवल्याली हुती. ताजी असताना कसं आलतं? मी कुणाला विचारलंच न्हाय कधी. कुणाला दावलं बी न्हाय.”

“बिरदेवाच्या जत्रेत हळदीचा भंडारा उधळल्यासारखं, सर,” मी म्हणाले. “हाताला लागेल असं वाटत होतं.”

गाडी हलली. सर गज न सोडता चार पावलं बरोबर चालत आले. त्यांचा चेहरा इतका फुललेला मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

“व्हय की न्हाय?” ते म्हणाले. “माझं बी तसंच आलतं.”